स्वयंपाकघरातील लहानशी भट्टी

नाताळ जवळ आला की गोव्यातील व वसईकडील ख्रिस्ती वस्त्यांतून एक दृश्य पूर्वी हमखास दिसे. घरी फेटलेल्या मिश्रणाने भरलेले केकचे डबे फडक्याने झाकून मुले गावच्या बेकरीत नेत, आणि पाव निघून गेल्यावर उरलेल्या आचेवर ते भाजून घेत. घरात चुलीच्या जागी स्टोव्ह आला, स्टोव्हच्या जागी गॅस आला. परंतु पदार्थाला चोहोंकडून वेढणारी कोरडी आच मात्र बेकरीवाल्याच्याच स्वाधीन राहिली.

ती उणीव ओट्यावर मावणारी विद्युत्-भट्टी पुष्कळ अंशी भरून काढते. दुकानात तिला ‘ओटीजी’ म्हणतात. ओव्हन, टोस्टर आणि ग्रिलर या तीन शब्दांची ही आद्याक्षरे होत. तिची उपयुक्तता वादातीत आहे. तरीही कित्येक घरांत ती दोन महिन्यांतच कपाटाच्या माथ्यावर जाऊन बसते, आणि त्यात यंत्राचा दोष क्वचितच असतो. खोक्यावरील लिटरचा आकडा व बटणांची संख्या पाहून ती घेतलेली असते. घरातील भांडे आणि भिंतीवरील सॉकेट यांचा विचार झालेलाच नसतो.

या भट्टीचे अंतरंग अगदी साधे आहे. वर व खाली धातूच्या नळ्या असतात आणि त्यांच्या पोटात निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूची तार असते. तापून लाल झाली तरी हवेत लवकर जळून न जाणाऱ्या या मिश्रधातूचे पेटंट अल्बर्ट मार्श या अमेरिकन संशोधकाला १९०६ साली मिळाले, आणि विजेवर भाजण्याची उपकरणे त्यानंतरच खऱ्या अर्थाने घरात आली. मायक्रोवेव्हची तऱ्हा निराळी. तेथे लहरी मुख्यतः पदार्थातील पाण्याला तापवितात, म्हणून पदार्थाचा पृष्ठभाग १०० अंशांच्या फारसा वर जात नाही. पावाला किंवा बिस्किटाला खरपूस रंग येण्यास मात्र सुमारे १४० अंश किंवा त्याहून अधिक उष्णता लागते. तेव्हा कालची आमटी गरम करण्यासाठी कोणी ओटीजी घेऊ नये, आणि नानकटाईसाठी साध्या मायक्रोवेव्हवर विसंबू नये.

आता आकाराचा प्रश्न. लिटर म्हणजे आतील लांबी, रुंदी व उंची यांचा गुणाकार. हे गणित शाळेतील मुलालाही येते, पण खरेदीच्या वेळी थोरांना आठवत नाही. ४० सेंटिमीटर लांब, २० खोल आणि २० उंच अशी भट्टी १६ लिटरची होते. ३२ लांब, २५ खोल आणि २० उंच अशी भट्टीही १६ लिटरचीच. परंतु २२ सेंटिमीटर व्यासाचा केकचा डबा दुसरीत बसतो, पहिलीत तिचे दारही लागणार नाही! म्हणून दुकानात जाताना घरातील नेहमीचा डबा किंवा थाळी पिशवीत घालून न्यावी. दुकानदार हसला तर हसू द्यावा. डब्याच्या सर्व बाजूंनी दोन बोटे मोकळी राहिली पाहिजेत. नाहीतर गरम हवेला फिरायला वाट उरत नाही. उंचीही तितकीच महत्त्वाची. फुगणारा केक वरच्या नळ्यांजवळ पोचला की माथा करपतो आणि पोट कच्चे राहते. तिघा-चौघांच्या कुटुंबाला बहुधा १६ ते २० लिटरची भट्टी पुरते. नुसता पाव शेकायचा आणि चार बिस्किटे भाजायची, एवढेच काम असेल तर ९-१० लिटरची लहान भट्टीही बरी. ती लवकर तापते आणि वीजही कमी घेते.

यापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे सॉकेट. भारतात घरगुती वीज २३० व्होल्टची असते. लहान सॉकेट ६ अँपिअरचे; म्हणजे त्यावर फार तर १३८० वॅटचा भार चालतो. १० लिटरच्या आसपासची भट्टी सुमारे ८०० वॅट घेते, १६ ते २० लिटरची बाराशे-तेराशे, आणि २५-३० लिटरची दीड हजारांच्या पुढे जाते. ही शेवटची भट्टी लहान सॉकेटवर, किंवा बाजारातील स्वस्त एक्स्टेंशन बोर्डावर, अर्धा-पाऊण तास चालविणे म्हणजे भिंतीतील तारेलाच भट्टी करणे होय. तिला १६ अँपिअरचेच सॉकेट हवे. इंदूर-ग्वाल्हेरचे जुने वाडे काय किंवा गोव्यातील कौलारू घरे काय, तेथे आणखी एक धोका संभवतो. सॉकेटला तिसरे छिद्र असते, परंतु त्यामागे जमिनीत गेलेली अर्थिंगची तार कधी कधी नसतेच! भट्टीचे अंग पत्र्याचे. आत कोठे तार सुटली आणि अर्थिंग नसले, तर पावसाळ्यात ओल्या हाताने दार उघडणाराचा जीव धोक्यात येतो. म्हणून आधी वायरमनला बोलवावे, भट्टी मागाहून आणावी.

बटणे पाहताना एकच गोष्ट आग्रहाने मागावी: वरची आणि खालची आच वेगवेगळी चालू करता आली पाहिजे. गोव्याच्या बिबिंकेचा एकेक थर वरूनच भाजावा लागतो. त्यासाठी पूर्वी भांड्याच्या झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे ठेवीत; ते काम येथे वरच्या नळ्या करतात. माळव्यातील बाफले आधी उकळून मग भाजायचे असतात, त्यांना दोन्ही आचा लागतात. बडोद्याच्या हांडव्यालाही तसेच, फक्त शेवटी वरची आच थोडी अधिक, म्हणजे तिळाचा पापुद्रा खमंग होतो. आत पंखा असल्यास उष्णता सारखी पसरते. मग तापमान सुमारे २० अंशांनी कमी ठेवावे. काळ्या डब्यातही पदार्थ चकचकीत डब्यापेक्षा लवकर भाजतो. रंगीत दिवे आणि दहा पदार्थांची चित्रे यांसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

भट्टी ठेवताना भोवती व वर निदान वीतभर जागा मोकळी असावी, आणि तिच्या माथ्यावर प्लास्टिकचे डबे रचू नयेत. तळाचा चुरा पडण्याचा ट्रे वेळच्या वेळी झाडावा. त्यातील तुपकट चुरा पेट घेऊ शकतो.

पहिल्या दिवशी खिडक्या उघडून ती पंधरा मिनिटे रिकामीच तापवावी. नळ्यांवरील तेलाचा थर त्यात जळून जातो आणि थोडा धूर निघतो, त्याने घाबरू नये. त्यानंतर जाळीभर पावाचे तुकडे मांडून १८० अंशांवर भाजावेत. कोठला तुकडा आधी लाल होतो आणि कोठला पांढरा राहतो, हे पाहिले की त्या भट्टीचा तापट कोपरा समजतो, आणि केकचा डबा अर्ध्या वेळाने कोणीकडे फिरवायचा तेही.