बोरिवलीची पुढची तारीख

दर तीन आठवड्यांनी आम्ही लेकीला घेऊन अंधेरीहून बोरिवलीची लोकल पकडतो. तिला थॅलेसेमिया मेजर आहे. शरीरात लाल रक्तपेशी नीट तयार होत नाहीत, म्हणून दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. बोरिवली पूर्वेला महापालिकेचे थॅलेसेमिया केंद्र आहे. एका हाताला सुई, दुसऱ्या हातात गोष्टीचे पुस्तक, असा तिचा तिथला दिवस.

निदान झाले तेव्हा ती आठ महिन्यांची होती. नातेवाईक यायचे, "सब्र करा" म्हणायचे आणि निघताना तिच्या अम्मीच्या माहेराकडे बोट दाखवायचे. असल्या सब्राचा आम्हाला फार राग येई. मग डॉक्टरांनी कागदावर चार चौकोन काढून दादीला समजावले: आई आणि बाप दोघेही वाहक असतील तरच हा आजार होतो आणि प्रत्येक गरोदरपणात ती शक्यता 25 टक्के असते. त्या दिवसापासून घरातले टोमणे थांबले. खरे सांगायचे तर पहिला आराम आम्हाला त्या कागदाने दिला.

आता स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सगळे लिहिलेले असते. रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून 200 ते 250 मिलिग्रॅम लोह शरीरात जाते. ते हृदयात, यकृतात साचू नये म्हणून रोज उपाशीपोटी डेफेरासिरॉक्सची गोळी पाण्यात विरघळवून घ्यायची. चव तिला मुळीच आवडत नाही. ते काम बडे अब्बांचे. तिचा पेला रिकामा होईपर्यंत ते स्वतःच्या चहाला हात लावत नाहीत.

रमजानात रक्तदाते कमी होतात, म्हणून खालू आणि शेजारचे तिघे शाबानमध्येच रक्त देऊन येतात. यंदा लेक रोज्यासाठी हटून बसली. आजाऱ्याला सवलत आहे, हे सूरह बकरातून वाचून दाखवले, तरी रुसवा गेला नाही. शेवटी इफ्तारचे खजूर वाटण्याचे काम तिने स्वतःकडे घेतले.

सध्या बडे अब्बांच्या थोरल्या मुलाच्या निकाहाची बोलणी चालू आहेत. त्याची हिमोग्लोबिन ए-टू तपासणी केली, तो वाहक निघाला. आम्ही मुलीकडच्यांना स्पष्ट सांगितले: वाहक म्हणजे आजारी नव्हे, पण तुमच्या मुलीचीही तपासणी करा, ती वाहक नसेल तर मुलांना मेजर होणार नाही. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग तिच्या वालिदांनी विचारले, "कुठे करायची?"

तिचा अहवाल बुधवारी येईल. त्याच दिवशी आमची बोरिवलीची तारीख आहे.