डोकं शेवटी

कयाक उलटली की माणूस बोटीसकट पाण्यात उलटा लटकतो. पाय बोटीत अडकवलेले, मांड्या आतून घट्ट टेकवलेल्या आणि पाणी शिरू नये म्हणून कंबरेभोवती ताणून बसवलेला स्प्रे स्कर्ट. त्या अवस्थेत बाहेर न पडता, वल्हं फिरवून बोटीसकट पुन्हा सरळ होणं म्हणजे ‘रोल’. बघणाऱ्याला हा दंडातल्या ताकदीचा खेळ वाटतो. प्रत्यक्षात ताकदीचा इथे फारसा उपयोग नाही. म्हणून भोसरी-चाकणच्या पट्ट्यात शिफ्ट सांभाळणाऱ्या, चाळिशीकडे झुकलेल्या माणसानेही तो शिकावा, असं मला मनापासून वाटतं.

ही विद्या ग्रीनलंडच्या इनुइट शिकाऱ्यांची. तिथल्या बर्फगार पाण्यात बोटीबाहेर पडणं म्हणजे मरण. ते कातड्याचा अंगरखा कयाकच्या बसायच्या भोकाच्या कडेला आवळून बांधत, म्हणजे बोट आणि माणूस एकच. वल्हं निसटलं, हात दोरीत अडकला, तरी वर येता यावं म्हणून त्यांनी रोलचे कितीतरी प्रकार घडवले. ऑस्ट्रियाच्या पावलाटाला 1927 साली तो जमला आणि त्या पद्धतीला त्याचंच नाव पडलं. ब्रिटिश संशोधक जिनो वॉटकिन्स ग्रीनलंडमध्ये राहून शिकला, उत्तम शिकला, आणि 1932 मध्ये एकटाच कयाकमधून शिकारीला गेला तो परतला नाही. रोल येतो म्हणून एकट्याने पाण्यात उतरू नये, हे त्यावरून शिकावं. पॅरिस ऑलिंपिकमध्ये 2024 साली कयाक क्रॉस ही शर्यत पहिल्यांदा झाली. तिच्यात ठरलेल्या जागी रोल मारणं सक्तीचं होतं.

शिकण्याची सुरुवात मात्र बाहेर पडण्यापासून होते. उलटं व्हायचं, पुढे वाकायचं, स्कर्टची पुढची पट्टी चाचपून ओढायची आणि मांड्या सैल करून निसटायचं. हे अंगवळणी पडलं की पाण्याखालची घाई संपते. पुढचा सगळा धडा या शांतपणावर उभा आहे. त्यानंतर तलावाची कड किंवा प्रशिक्षकाचे हात धरून फक्त कंबर हलवायची. कड हलकेच धरायची, एका बाजूला कलंडायचं आणि वरच्या दिशेचा गुडघा सोडून खालचा, पाण्याकडचा गुडघा छातीकडे झटक्याने ओढायचा. बोट आपोआप सरळ होते. याला ‘हिप स्नॅप’ म्हणतात, आणि रोलचा जीव यातच आहे.

मग वल्हं. पाण्याखाली पुढे वाकून वल्हं बोटीच्या कडेला समांतर धरायचं. तोंड डेकजवळ राहिल्याने नदीत दगडांपासून चेहराही वाचतो. पातं पृष्ठभागावर आलं की बाहेरच्या बाजूला चाप काढत फिरवायचं. त्याने मिळणारा आधार क्षणभराचा असतो. तेवढ्या वेळात कंबरेने बोट आपल्या खाली आणायची असते. अंग पाण्यात असेपर्यंत त्याचं वजन पाणी पेलतं. बाहेर आलेला प्रत्येक भाग आपल्याला उचलावा लागतो. डोकं चार-पाच किलोचं. श्वासाच्या ओढीने ते आधी वर काढलं, की त्या बाजूची कंबर आखडते, बोट उलट्या दिशेला वळते आणि माणूस परत खाली जातो. म्हणून प्रशिक्षक गळा सुकेपर्यंत एकच सांगतात: डोकं शेवटी. कान खांद्याला चिकटवा, नजर पात्यावर ठेवा. नजर पात्यावर असली की डोकं खालीच राहतं. दणकट मंडळी इथे अडतात, कारण हातांच्या जोरावर ती अर्धवट वर येतात आणि कंबरेचं काम शिकायचंच राहून जातं.

आपल्या भागात होड्यांची परंपरा आहे, पण वेगळी. दापोडीच्या सीएमईत, म्हणजे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात, लष्कराचं रोइंग केंद्र आहे. रिओ ऑलिंपिकला गेलेला आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण मिळवणारा दत्तू भोकनळ तिथलाच. रोइंगची होडी उलटली तर खेळाडू बुटांतून पाय सोडवून पाण्यात येतो. रोलचा प्रश्नच नाही. आणि शहरातल्या पवना-इंद्रायणीत आज उलटं होऊन शिकावं असं पाणी उरलेलं नाही. सांडपाण्याने या नद्यांची केलेली दशा पाहून जीव तुटतो. म्हणून सराव पोहण्याच्या तलावात, प्रशिक्षकासोबत. नाकाला क्लिप लावून.

वाहत्या पाण्यासाठी ताम्हिणी उतरून कोलाडला जावं. तिथली कुंडलिका वर्षभर खळाळते, त्यामागे आपलीच मुळा आहे. मुळशी धरणात तिचं पाणी अडवून ते सह्याद्रीपलीकडे सुमारे 500 मीटर खाली, टाटांच्या भिरा वीजकेंद्रावर सोडतात. याच धरणाविरुद्ध 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला होता. जे पाणी वाकड-सांगवीवरून दापोडीला आलं असतं, ते टर्बाइन फिरवून कुंडलिकेत उतरतं आणि राफ्ट-कयाक वाहून नेतं. खेळाला जाणाऱ्याने त्या धरणाखाली गेलेल्या गावांची आठवण ठेवावी, असं मला वाटतं.

तलावात जमलेला रोल नदीत पहिल्यांदा बहुधा फसतो. पाणी ओढतं, फेसात पातं पकड घेत नाही. थांबायचं, पुन्हा पुढे वाकायचं, दुसरा प्रयत्न करायचा. तोही हुकला तर उलट्या बोटीच्या बुडावर हाताने जोरात थापा मारायच्या. सोबती आपल्या कयाकचं टोक हाताशी आणतो, ते धरून कंबरेच्याच झटक्याने वर येता येतं. हेही तलावातच शिकून घ्यावं. औद्योगिक पट्ट्यातल्या गुरुवारच्या सुट्टीला कोलाडला निघणार असाल तर आदल्या दिवशी तिथल्या गाइडला फोन करा. भिऱ्याहून पाणी किती वाजता सुटणार, यावर नदीत उतरायची वेळ ठरते.