दहा सामने, दोन गोल

ऑलिंपिकचे १० सामने, खाल्लेले गोल २, सुवर्णपदके ३. रिचर्ड जेम्स ॲलन या भारतीय गोलरक्षकाचा १९२८ ते १९३६ या काळातला हा हिशेब. म्हणजे ५ सामन्यांमागे १ गोल. ॲलन यांचा जन्म ४ जून १९०२ रोजी नागपुरात झाला आणि मृत्यू १९६९ साली बेंगळुरूच्या महादेवपुऱ्यात. ॲम्स्टरडॅम, लॉस एंजेलिस आणि बर्लिन या तिन्ही ऑलिंपिकच्या भारतीय संघात असलेले खेळाडू फक्त दोन. एक ध्यानचंद, दुसरे ॲलन.

ध्यानचंद यांनी केलेले गोल मोजता येतात, त्यामुळे ते सांगितले जातात. गोलरक्षकाच्या नावापुढे जो आकडा लागतो तो न झालेल्या गोष्टीचा असतो. तो जितका लहान, तितका माणूस मोठा. पण लहान आकड्याकडे लक्ष जात नाही. म्हणून हे २ गोल आणि त्यांच्या आजूबाजूचे आकडे नीट मांडायला हवेत.

सुरुवात १९२८ पासून. ऑस्ट्रियाविरुद्ध ६-०, बेल्जियमविरुद्ध ९-०, डेन्मार्कविरुद्ध ५-०, स्वित्झर्लंडविरुद्ध ६-० आणि अंतिम सामन्यात यजमान नेदरलँड्सविरुद्ध ३-०. १७ ते २६ मे या १० दिवसांत ५ सामने, केलेले गोल २९, खाल्लेले ०. पाचही सामन्यांत गोलात ॲलन होते. अंतिम सामना झाला तेव्हा त्यांना २६ वर्षे पूर्ण व्हायला ९ दिवस बाकी होते.

या शून्याच्या आधीचा एक आकडा मुंबईचा आहे. मार्च १९२८ मध्ये बोटीवर चढण्यापूर्वी हा संघ मुंबईच्या संघाशी खेळला आणि २-३ असा हरला. निरोप द्यायला धक्क्यावर माणसे आली होती ३. मुंबईत एका सामन्यात ३ गोल खाल्लेल्या संघाने पुढे ॲम्स्टरडॅमच्या ५ सामन्यांत एकही खाल्ला नाही. मुंबईचे हॉकी त्या वेळी किती तयारीचे होते, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

१९३२ चे गणित वेगळे. लॉस एंजेलिसला हॉकीसाठी आलेले संघ फक्त ३: भारत, जपान आणि अमेरिका. भारताने जपानला ११-१ आणि अमेरिकेला २४-१ हरवले. २ सामन्यांत ३५ गोल, सामन्यामागे १७.५. संघात गोलरक्षक दोन होते, ॲलन आणि आर्थर हिंड. दोघांनी एकेक सामना खेळला आणि दोघांनी एकेक गोल खाल्ला. अमेरिकेविरुद्ध गोलात ॲलन होते. विल्यम बॉडिंग्टन यांनी केलेला तो गोल ॲलन यांच्या ऑलिंपिक कारकिर्दीतला पहिला. त्याआधीचे ५ सामने कोरे गेले होते.

हा गोल झाला तेव्हा ॲलन गोलामागे प्रेक्षकांना स्वाक्षऱ्या देत होते, अशी गोष्ट ९० वर्षे सांगितली जाते. ती खरी की रचलेली, हे ठरवण्यापेक्षा धावफलक पाहावा. ज्या सामन्यात एका टोकाला २४ गोल होतात, त्यात चेंडू बहुतेक वेळ त्याच टोकाला असतो. दुसऱ्या टोकाचा माणूस एकटा उभा राहतो. त्याच्या मागे १२ फूट रुंद आणि ७ फूट उंच, म्हणजे ८४ चौरस फुटांची चौकट असते, पुढे रिकामे गवत. डोक्यावर शिरस्त्राण नाही. ते त्या काळी नव्हतेच. अर्धा-पाऊण तास काहीच न करता उभे राहिल्यावर अचानक एक चेंडू येतो. कोणत्याही गोलरक्षकाला विचारा, सतत मारा होत असताना खेळणे त्यापेक्षा सोपे असते. मी ती गोष्ट त्या एकटेपणाची म्हणून वाचतो, हलगर्जीपणाची म्हणून नाही.

२४-१ हा ऑलिंपिकच्या पुरुष हॉकीतला सर्वांत मोठा विजय आजही आहे. त्याच स्पर्धेत जपानने अमेरिकेला ९-२ हरवले. म्हणजे अमेरिकेने २ सामन्यांत ३३ गोल खाल्ले, दोन्ही सामने गमावले आणि कांस्यपदक मिळवले, कारण चौथा संघच नव्हता. पदकांच्या यादीवरून त्या काळचे हॉकी मोजायला निघालेल्या माणसाने हे ३३ गोल आधी पाहावेत.

बर्लिनला १९३६ साली संघ ११ झाले. हंगेरी ४-०, अमेरिका ७-०, जपान ९-०, उपांत्य सामन्यात फ्रान्स १०-०. ४ सामन्यांत ३० गोल केले, खाल्ला एकही नाही. अंतिम सामना १४ ऑगस्टला होता. पावसामुळे तो १५ ऑगस्टला गेला. मध्यंतराला भारत जर्मनीविरुद्ध फक्त १-० ने पुढे होता. याच जर्मनीने स्पर्धेआधी १७ जुलैला सराव सामन्यात भारताला ४-१ हरवले होते. त्यामुळे ओल्या मैदानावर १-० ही आघाडी म्हणजे एका चुकीचे अंतर. उत्तरार्धात भारताने ७ गोल केले, जर्मनीने १. निकाल ८-१. जर्मनीचा गोल कुर्ट वाइस यांचा. संपूर्ण स्पर्धेत भारतावर झालेला तो एकमेव गोल आणि ॲलन यांच्या खात्यातला दुसरा. बर्लिनच्या ५ पैकी ४ सामन्यांत ते खेळले. अंतिम सामन्याच्या दिवशी त्यांचे वय ३४ वर्षे होते.

तिन्ही स्पर्धा एकत्र केल्या तर भारताचे सामने १२, केलेले गोल १०२, खाल्लेले ३. गोलफरक ९९, म्हणजे सामन्यामागे ८.२५. या १२ सामन्यांतला सर्वांत कमी फरकाचा विजय ३ गोलांचा आहे, आणि तो १९२८ च्या अंतिम सामन्यातला.

इथे एक प्रश्न टाळता येत नाही. ८.२५ च्या सरासरी फरकाने जिंकणाऱ्या संघाच्या गोलरक्षकाला श्रेय किती द्यायचे? त्या काळच्या अहवालांत संघ आणि गोल मिळतात. अडवलेले फटके मोजण्याची पद्धत नव्हती. २ हा आकडा एकट्या ॲलन यांचा नाही. तो त्यांच्यापुढे उभ्या राहिलेल्या फुलबॅकचाही आहे. ब्रूम पिनिजर, लेस्ली हॅमंड आणि पुढे कार्लाइल टॅपसेल यांचा. प्रतिस्पर्ध्यांच्या कमकुवतपणाचाही आहे. त्यात ग्रेट ब्रिटन या तिन्ही स्पर्धांना आलेच नाही. १९४८ साली भारत आणि ब्रिटन ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा समोरासमोर आले आणि भारत ४-० ने जिंकला.

माझ्या मते ॲलन यांना १० सामन्यांवर तोलू नये, २ सामन्यांवर तोलावे. १९२८ चा अंतिम सामना यजमानांच्या मैदानावर झाला, १९३६ चाही. दोन्ही ठिकाणी समोर त्या स्पर्धेतला भारताखालोखालचा संघ होता आणि प्रेक्षक त्याच्या बाजूचे. दोन्ही मिळून खाल्लेला गोल १, तोही सामना हातात आल्यानंतरचा. उरलेल्या ८ सामन्यांतले श्रेय संघाचे मानले, तरी या दोन सामन्यांत गोलरक्षकाला वाटा द्यावाच लागतो.

शून्याची बरोबरी पुढे एकदाच झाली. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ५ सामन्यांत ३८ गोल केले आणि एकही खाल्ला नाही. अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध गोलात होते महूचे शंकर लक्ष्मण. मधल्या दोन स्पर्धांचे आकडे असे: १९४८ ला ५ सामन्यांत २ गोल, १९५२ ला ३ सामन्यांत २. १९२८ ते १९५६ या ६ ऑलिंपिकमध्ये मिळून भारताने १७८ गोल केले आणि ७ खाल्ले. एकूण २५ सामन्यांपैकी १० ॲलन यांचे आणि ७ गोलांपैकी २. म्हणजे सामने ४० टक्के, खाल्लेले गोल २९ टक्के. हॉकीत ऑलिंपिकची ३ सुवर्णपदके मिळवणारे भारतीय ७ आहेत. त्यांतले गोलरक्षक २: ॲलन आणि १९४८, १९५२, १९५६ च्या संघांतले रंगनाथन फ्रान्सिस.

आता अलीकडचे आकडे. टोकियोत भारताने ८ सामन्यांत २५ गोल केले आणि २३ खाल्ले. त्यांतले ७ एकट्या ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सामन्यात. पॅरिसला ८ सामन्यांत १५ केले, १२ खाल्ले. दोन्ही वेळा कांस्य, दोन्ही वेळा गोलात पी. आर. श्रीजेश. खाल्लेले गोल एका ऑलिंपिकमधून दुसऱ्यात ४८ टक्क्यांनी कमी झाले, सामन्यामागे २.८८ वरून १.५ वर आले. गोलफरक टोकियोत २, पॅरिसमध्ये ३. ॲलन यांच्या काळी पदकामागे ३३ चा गोलफरक होता, आता पदक २ किंवा ३ गोलांवर ठरते. पॅरिसच्या ८ सामन्यांपैकी एकही भारताने २ पेक्षा जास्त गोलांच्या फरकाने जिंकला नाही. असे गणित असले की गोलरक्षकाने अडवलेला एक चेंडू म्हणजे पदकाचा रंग. ब्रिटनविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना १-१ राहिला आणि शूटआउटमध्ये ४-२ ने सुटला.

ॲलन आणि श्रीजेश यांची तुलना सरासरीवरून करणे अन्यायाचे होईल. चौकट तेवढीच आहे, ८४ चौरस फूट. बाकी सगळे बदलले आहे. १९७६ पासून ऑलिंपिक हॉकी कृत्रिम मैदानावर गेले, १९९० च्या दशकात ऑफसाइडचा नियम निघाला, पेनल्टी कॉर्नरवर ड्रॅगफ्लिक आली. श्रीजेश यांना पॅरिसनंतर केरळ सरकारने २ कोटी रुपये जाहीर केले, हॉकी इंडियाने प्रत्येक खेळाडूला १५ लाख. हा पैसा योग्यच आहे. ॲलन यांच्या पहिल्या संघाच्या वाट्याला मुंबईच्या धक्क्यावरची ती ३ माणसे आली होती.

महाराष्ट्राने पुढेही गोलरक्षक दिले. १९४८ च्या सुवर्ण संघात टाटांकडून खेळणारे मुंबईचे लिओ पिंटो होते, २००४ च्या अथेन्सला मुंबईचा एड्रियन डिसूझा. २०१७ च्या आशिया कपला श्रीजेश दुखापतीमुळे नव्हते, तेव्हा संघातले दोन्ही गोलरक्षक महाराष्ट्राचे होते: यवतमाळचा आकाश चिकटे आणि मुंबईचा सूरज करकेरा. ७ सामन्यांत भारताने २८ गोल केले, ६ खाल्ले आणि कप जिंकला. सामन्यामागे ०.८६. यवतमाळ नागपूरसारखेच विदर्भातले. ॲलन यांच्यानंतर ८१ वर्षांनी विदर्भातला माणूस पुन्हा मोठी स्पर्धा जिंकणाऱ्या भारताच्या गोलात होता, आणि त्या वेळी ॲलन यांचे नाव कुठे माझ्या कानावर आले नाही. याची मला खंत वाटते.

नाव न येण्याला कारणे आहेत. ॲलन नागपुरात जन्मले, पण शिकले मसुरीच्या ओक ग्रोव्ह आणि नैनितालच्या सेंट जोसेफमध्ये, आणि खेळले बंगालकडून. ऑलिंपिक संघांच्या यादीत त्यांच्या नावापुढे बंगाल लागला. १९२८ च्या ज्या आंतरप्रांतीय स्पर्धेतून ॲम्स्टरडॅमचा संघ निवडला गेला, तीत मध्य प्रांताचाही संघ होता. नागपूर त्या प्रांताची राजधानी. जन्मगावाच्या प्रांताचा संघ मैदानात असताना ॲलन दुसऱ्या प्रांताचे होते. रेल्वे, तारखाते, बंदर, कस्टम्स अशा नोकऱ्यांमागे गावे बदलणाऱ्या अँग्लो-इंडियन घरांत हे नेहमीचे होते. १९२८ च्या सुवर्णपदक विजेत्या १४ खेळाडूंच्या यादीत अशी अँग्लो-इंडियन नावे ९ आहेत, म्हणजे ६४ टक्के. स्वातंत्र्यानंतर यांतली अनेक घरे देश सोडून गेली आणि त्यांच्याबरोबर त्यांची नावे सांगणारी माणसेही गेली.

ॲलन यांची अखेर बेंगळुरूच्या पूर्वेला झाली. महादेवपुऱ्याला लागून असलेले व्हाइटफील्ड हे गाव १८८० च्या दशकात अँग्लो-इंडियन वसाहत म्हणूनच उभे राहिले. म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या जमिनीवर, डी. एस. व्हाइट यांच्या पुढाकाराने. महादेवपुरा तेव्हा शहराबाहेर होता. २००७ साली तिथली नगरपालिका बेंगळुरू महानगरपालिकेत विलीन झाली, २००८ पासून तो स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ आहे, आणि आज त्याची ओळख संगणक कंपन्यांची. भारतीय हॉकी संघाची शिबिरे शहराच्या दुसऱ्या टोकाला, नैऋत्येच्या भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या (साई) केंद्रात भरतात. श्रीजेश यांच्या सरावाची कित्येक वर्षे तिथेच गेली.

ॲलन यांच्या हयातीत भारत ९ ऑलिंपिक खेळला: ७ सुवर्ण, १ रौप्य, १ कांस्य. १९२८ ला सुरू झालेली सलग ३० विजयांची मालिका १९६० च्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध ०-१ ने तुटली. कांस्य आले १९६८ ला मेक्सिकोत. भारत अंतिम फेरीत नाही असे ४० वर्षांत पहिल्यांदाच घडले. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने भारताला जादा वेळेत २-१ हरवले. ॲलन यांनी ३ ऑलिंपिकमध्ये मिळून जेवढे गोल खाल्ले होते, तेवढे त्या एका सामन्यात झाले. पुढच्या वर्षी महादेवपुऱ्यात त्यांचे निधन झाले.