पुंगळीची मान

हजार यार्डांवरच्या, म्हणजे 914 मीटरवरच्या नेमबाजीत गोळी हवेत दीड सेकंदाहून जास्त वेळ असते. एवढ्या वेळात ती नळीच्या रेषेखाली 10 मीटरहून जास्त येते. पॉइंट 308 विंचेस्टर या जुन्या, भरवशाच्या काडतुसाचे हे आकडे आहेत. त्याची 11 ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण 790 मीटर वेगाने सुटते. हा वेग तीन मीटरने कमी-जास्त झाला, तरी लक्ष्यावर गोळी दहाएक सेंटिमीटर खाली-वर लागते. अमेरिकेतल्या एफ-क्लास स्पर्धांत या अंतरावर दहा गुणांचे वर्तुळ 10 इंच, म्हणजे जेमतेम 25 सेंटिमीटर व्यासाचे असते. गोळी मधोमध लागायला हवी असेल, तर वर आणि खाली साडेबारा सेंटिमीटरचीच मुभा. वेगातल्या अर्ध्या टक्क्याहून कमी फरकाने त्यातला बहुतेक वाटा संपतो.

वारा गोळीला आडवा ढकलतो, ताशी 16 किलोमीटरचा असेल तर दोन मीटरहूनही जास्त. तो ओळखणे हे नेमबाजाचे कसब. पण गोळ्यांचा उभा पसारा दिसला की जाणता नेमबाज वाऱ्याला दोष देत नाही, तो आधी काडतुसांकडे वळतो. काडतुसात गोळी, दारू आणि ती पेटवणारा प्रायमर यांच्याबद्दल सगळे बोलतात. पितळेच्या पुंगळीकडे मात्र डबा म्हणून पाहिले जाते. माझ्या मते तिच्यावर हा अन्याय आहे.

घोडा दाबल्यावर आत काय होते ते पाहा. प्रायमर पेटतो, दारू जळू लागते, आणि सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागात दाब वातावरणाच्या चार हजार पटींपर्यंत चढतो. पुंगळीची भिंत फुगून रायफलच्या कोठीला घट्ट चिकटते, त्यामुळे वायू मागे निसटत नाही. दाब उतरताच पितळ किंचित आक्रसते आणि पुंगळी सहज बाहेर निघते. या सगळ्याच्या आधी, अगदी सुरुवातीच्या क्षणी, पुंगळीच्या मानेने, म्हणजे गोळी धरणाऱ्या तोंडाकडच्या अरुंद भागाने, गोळी सोडलेली असते. मान गोळीपेक्षा आतून एका मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाच्या काही पटींनीच अरुंद असते, आणि तिची पकड त्या फरकातून येते. बिनधुराची दारू दाब वाढला की अधिक वेगाने जळते. त्यामुळे एका मानेने गोळी जरा लवकर सोडली आणि दुसरीने जरा धरून ठेवली, तर सुरुवातीचा तो चिमूटभर फरक पुढे दाबात आणि वेगात उमटतो.

मानेची जाडी चारी बाजूंनी सारखी हवी, हे तर झालेच. पण मोजपट्टीला न दिसणारी एक गोष्ट आहे: पितळेचा कडकपणा. पुंगळीचे पितळ म्हणजे 70 टक्के तांबे आणि 30 टक्के जस्त. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम पाहिलेल्याला हे सांगायला नको, की धातू ठोकला की कडक होतो आणि तापवला की पुन्हा नरम पडतो. पुंगळी पुन्हा भरून वापरणाऱ्या नेमबाजांच्या हाती नेमके हेच घडते. प्रत्येक बाराला मान फुगते, मग साच्यात दाबून पुन्हा आवळली जाते. दर फेरीला ती थोडी कडक होते आणि आवळल्यावर थोडी उलट उसळते. मापे तीच, पकड मात्र वेगळी. यावर उपाय म्हणजे फक्त मान आणि तिच्याखालचा उतरता खांदा काही सेकंद तापवणे. बुडाला ती आच लागू द्यायची नसते, कारण सगळ्या दाबाला टेकू बुडाच्या कडक पितळेचाच असतो.

या धातूच्या पोटातला ताण आपल्याच देशात एकदा चांगलाच नडला होता. एकोणिसाव्या शतकात इथल्या ब्रिटिश फौजांची काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकू लागली. बार नाही, आघात नाही, नुसत्या साठवणीत पुंगळीला चिरा. पावसाळ्यात काडतुसे तबेल्यांत हलवली जात, आणि घोड्यांच्या मुताचा अमोनिया तिथल्या दमट हवेत भरलेला असे. या चिरांना ‘सीझन क्रॅकिंग’ हे नाव त्या पावसाळ्यामुळेच पडले. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी 1921 मध्ये त्याचा उलगडा केला: ओढून-दाबून घडवताना पितळेत साठलेला ताण आणि अमोनिया एकत्र आले की धातू कणांच्या सीमांवरून उकलतो. सौम्य आचेने ताण उतरवला की चिरा थांबतात. आजही लष्करी काडतुसे निरखून पाहिली, तर मानेपासून खांद्यापर्यंत निळसर-तपकिरी छटा दिसते. ती त्या आचेचीच खूण.

मान तापवण्याखेरीज बऱ्याच नेमबाजांचा दुसरा आवडता उद्योग म्हणजे पुंगळ्या तोलून वजनाप्रमाणे गट पाडणे. त्यावर खर्च होणाऱ्या वेळाच्या मानाने फायदा थोडा, असे मला वाटते. महत्त्व वजनाला नाही, आतल्या जागेला आहे. जागा कमी तर तेवढ्याच दारूचा दाब जास्त. पितळ पाण्याच्या साडेआठ पट जड असल्याने 0.1 ग्रॅम जादा पितळ आतली फक्त 0.012 घन सेंटिमीटर जागा खाते. सुमारे 3.6 घन सेंटिमीटरच्या पुंगळीत ही एक तृतीयांश टक्का झाली. शिवाय ते जादा पितळ बुडाच्या कडेला किंवा खाचेत असेल, तर आत काहीच फरक पडत नाही. खरे माप हवे असेल तर बार झालेली पुंगळी आधी रिकामी आणि मग काठोकाठ पाण्याने भरून तोलावी. काम कंटाळवाणे आहे, पण नेमके जे हवे तेच त्यात मोजले जाते.

आपल्याकडे जी रायफल नेमबाजी लोकांना ठाऊक आहे, त्यात यातले काहीच करता येत नाही. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवले ते 50 मीटर थ्री पोझिशन प्रकारात. तिथे पॉइंट 22 चे रिमफायर काडतूस वापरतात. त्याला वेगळा प्रायमर नसतो, पेट घेणारा मसाला पुंगळीच्या बुडाच्या पोकळ कडेतच भरलेला असतो. ही कड किती जाड आहे आणि मसाला तिच्यात किती सारखा पसरला आहे, यावर पेट घेणे अवलंबून. ही पुंगळी पुन्हा भरता येत नाही, तिची मान तापवताही येत नाही. आणि लक्ष्यावरचे दहाचे वर्तुळ 10.4 मिलिमीटरचे. म्हणून वरच्या पातळीवरचे नेमबाज लॉट, म्हणजे एकत्र बनलेल्या काडतुसांची खेप, निवडतात. नळी शिकंज्यात पकडून वेगवेगळ्या लॉटची काडतुसे 50 मीटरवर उडवतात आणि लक्ष्यावर गोळ्यांचा सर्वांत लहान गट देणाऱ्या लॉटचा साठा करतात. एकाच कारखान्याचा, एकाच नावाचा माल असला, तरी एका नळीला मानवलेला लॉट दुसऱ्या नळीला मानवेलच असे नाही. नळी बदलली की चाचणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.