सगळी वर्तुळे समरूप कशी?

कोणतीही दोन वर्तुळे घ्या. एक दुसऱ्यावर तंतोतंत बसवायला दोन कृती पुरतात. समजा, वर्तुळ ‘अ’चे केंद्र (२, १) व त्रिज्या ३ आहे, ‘ब’चे केंद्र (७, ५) व त्रिज्या ६.

● सरकवा : ‘अ’ उजवीकडे ५ आणि वर ४ एकक न्या. केंद्रावर केंद्र येते, त्रिज्या बदलत नाही.

● विस्तारा : केंद्र जागेवर ठेवून त्यापासूनची सगळी अंतरे ६ ÷ ३, म्हणजे २ पट करा. ३ एककांवरचा प्रत्येक बिंदू ६ एककांवर जातो. ‘अ’ थेट ‘ब’वर बसते.

● फिरवणे नकोच : केंद्राभोवती कितीही फिरवले तरी वर्तुळ तसेच राहते.

● फलित : परीघ आणि व्यास एकाच पटीत वाढतात, म्हणून त्यांचे गुणोत्तर (π) प्रत्येक वर्तुळात सारखे. क्षेत्रफळ मात्र इथे ४ पट होते. ‘आर्यभटीया’त (इ. स. ४९९) २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ सुमारे ६२,८३२ दिला आहे, गुणोत्तर ३.१४१६.

● इतर आकृत्या : सगळे चौरस समरूप, सगळे आयत नव्हेत. लंबवर्तुळेही नव्हेत, अन्वस्त मात्र सगळे समरूप!