धर्मशास्त्रीय विद्यालयांची मान्यता

धर्मशास्त्रीय विद्यालयांची मान्यता : धर्मोपदेशक व धर्मशास्त्राचे अध्यापक तयार करणाऱ्या संस्थांच्या शिक्षणास व पदव्यांस लाभणारी वैधता. तिची दोन अंगे आहेत. संस्थेचा दर्जा तिच्या संप्रदायाने वा शैक्षणिक संघटनेने ग्राह्य धरणे, हे एक. पदवी देण्याचा अधिकार कायद्याने प्राप्त होणे, हे दुसरे. पहिल्यावरून दुसरे सिद्ध होत नाही.

संविधानाच्या अनुच्छेद ३० अन्वये अल्पसंख्याकांना शैक्षणिक संस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क आहे. तथापि विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ च्या कलम २२ नुसार पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापिलेली विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे व संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्था यांनाच आहे. सर्वोच्च न्यायालयाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी उत्तर प्रदेशाचा २००४ चा मदरसा शिक्षण अधिनियम वैध ठरविला. मात्र त्यातील ‘कामिल’ व ‘फाझिल’ पदव्यांच्या तरतुदी या कलमाशी विसंगत म्हणून रद्द केल्या.

ख्रिस्ती धर्मशास्त्रात सेरामपूर (प. बंगाल) येथील महाविद्यालयास डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक याने १८२७ मध्ये दिलेल्या सनदेने पदवीदानाचा अधिकार मिळाला, बंगालच्या १९१८ च्या अधिनियमाने त्यास बळकटी आली. वऱ्हाडात यवतमाळ येथे १९५३ मध्ये स्थापन झालेली व १९८३ मध्ये पुण्यास स्थलांतरित झालेली ‘युनियन बिब्लिकल सेमिनरी’ ही संस्था सेरामपूरच्या अधिसभेशी संलग्न आहे.

केवळ सांप्रदायिक मान्यतेची पदवी धर्मसेवेस पुरेशी ठरते. परंतु विद्यापीठीय प्रवेश वा शासकीय सेवा यांसाठी ती अग्राह्य ठरू शकते. त्यामुळे पदवीमागील कायदेशीर आधार प्रवेशापूर्वीच पाहणे विद्यार्थ्याच्या हिताचे असते.