कामाच्या आवारात मालमोटारींमुळे उभ्या वाहनांचे होणारे नुकसान : दायित्वाचा कायदेशीर विचार

प्रस्तावना

साखर कारखान्याचा वजनकाटा, बाजार समितीचे यार्ड, औद्योगिक वसाहतीतील गोदाम किंवा एखाद्या शिक्षणसंस्थेच्या परिसरात चाललेले इमारतीचे बांधकाम, अशा ठिकाणी मालमोटारी आणि खाजगी वाहने एकाच आवारात वावरत असतात. मागे घेतल्या जाणाऱ्या ट्रकची धडक बसून उभ्या मोटारीचे नुकसान होणे ही तेथील नित्याची घटना आहे. जीवितहानी नसल्यामुळे अशा घटनेची नोंद बहुधा कोठेच होत नाही. चालक मालकाकडे, मालक विमा कंपनीकडे आणि आवाराचे व्यवस्थापन फाटकावरील सूचनाफलकाकडे बोट दाखविते, व नुकसान सोसावे लागते ते मोटारीच्या मालकाला. प्रस्तुत लेखात या नुकसानीचे दायित्व कोणावर येते, ते कोणत्या तत्त्वांवर ठरते आणि नुकसानग्रस्ताला कोणते मार्ग उपलब्ध आहेत, याचा भारतीय कायद्याच्या संदर्भात परामर्श घेतला आहे.

चालकाचा निष्काळजीपणा

मालमत्तेच्या नुकसानीसाठी आपल्या कायद्यात दोषनिरपेक्ष दायित्वाची तरतूद नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील तशी तरतूद मृत्यू व गंभीर दुखापत यांपुरती मर्यादित आहे. त्यामुळे उभ्या मोटारीच्या मालकाला ट्रकचालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. मात्र हा भार वाटतो तितका जड नाही. मोटार स्थिर होती आणि ट्रक हलत होता, एवढे दाखविले की ‘घटनाच बोलते’ हे तत्त्व लागू होऊ शकते. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार अपघाताच्या एका प्रकरणात या तत्त्वाचा आधार घेतला होता. त्यानंतर स्पष्टीकरण देण्याची जबाबदारी चालकाकडे जाते.

मोटार अयोग्य जागी, म्हणजे ट्रक वळविण्याच्या मार्गात किंवा ‘वाहन उभे करू नये’ अशा फलकाखाली उभी असेल, तर मालकाच्या अंशदायी निष्काळजीपणाचा प्रश्न उद्भवतो. परंतु त्यामुळे चालक दोषमुक्त होत नाही. भरपाईची रक्कम दोषाच्या प्रमाणात कमी होते, इतकेच. दिवसाउजेडी स्पष्ट दिसणाऱ्या मोटारीवर ट्रक घालण्याचे समर्थन ‘ती तेथे नको होती’ एवढ्यावर होऊ शकत नाही.

मालकाचे प्रातिनिधिक दायित्व आणि क्लीनरचा प्रश्न

नोकराने नोकरीच्या ओघात केलेल्या अपकृत्याबद्दल मालक जबाबदार असतो, हे तत्त्व सर्वमान्य आहे. यार्डात मात्र त्याला एक विशेष गुंतागुंत जोडली जाते. चालक जेवायला किंवा पावती आणायला जातो आणि रांग पुढे सरकली की क्लीनर गाडी हलवितो. त्याच्याजवळ बहुधा अनुज्ञप्ती नसते. अशा वेळी मालक व विमा कंपनी यांचे दायित्व टिकते काय?

या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय मार्गदर्शक आहेत. १९६६ मधील प्रकरणात चालविण्यास दिलेली टॅक्सी चालकाने क्लीनरला वाहन-परीक्षेसाठी वापरू दिली होती. ते कृत्य मालकाच्या कामाचा भाग नव्हते, म्हणून बहुमताने मालकास जबाबदार धरले गेले नाही. १९८७ मधील प्रकरणात चालक इंजिन सुरू ठेवून खाद्यपदार्थ आणण्यासाठी उतरला आणि अनुज्ञप्ती नसलेल्या क्लीनरने ट्रक चालवून अपघात केला. तेथे मालकाने स्वतः अटीचा भंग केलेला नसल्यामुळे विमा कंपनीला आपले दायित्व टाळता आले नाही. दोन्ही निर्णय एकत्र वाचले असता कसोटी स्पष्ट होते : वाहन मालकाच्या कामासाठी हलविले गेले की कोणाच्या खाजगी हेतूसाठी? रांगेत ट्रक पुढे घेणे हे मालकाचेच काम होय. अनुज्ञप्तीविषयक अटीचा भंग मालकाच्या जाणिवेने किंवा हयगयीने झाला हे विमा कंपनीने सिद्ध केले पाहिजे, ही भूमिका २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अधिक विस्ताराने मांडली.

‘सार्वजनिक जागा’ : विमा कंपनीचा नेहमीचा बचाव

अधिनियमाच्या कलम १४६ व १४७ अन्वये सक्तीचा विमा ‘सार्वजनिक जागेतील’ वापरासाठी आहे. आवाराला भिंत आहे, फाटकावर पहारेकरी आहे, सबब ही जागा खाजगी आहे, असा युक्तिवाद केला जातो. कलम २(३४) मधील व्याख्येत ‘जनतेला प्रवेशाचा हक्क असलेली जागा’ अशा आशयाचे शब्द आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८८ मध्ये, त्या वेळच्या १९३९ च्या अधिनियमातील तत्सम शब्दांचा अर्थ लावताना, जेथे जनतेला मुक्त किंवा नियंत्रित प्रवेश आहे अशी खाजगी मालकीची जागाही सार्वजनिक जागा ठरते, असा निर्णय दिला. शेतकरी, व्यापारी, पालक किंवा अभ्यागत जेथे नोंद करून येऊ शकतात, असे आवार या कसोटीला सामान्यतः उतरते.

येथे एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. ‘सार्वजनिक जागा’ ही अट सक्तीच्या विम्याला लागू आहे. न्यायाधिकरणाच्या अधिकारितेचे कलम १६५ केवळ ‘मोटार वाहनाच्या वापरातून’ उद्भवलेल्या अपघाताचा उल्लेख करते. म्हणजे जागा खाजगी ठरली तरी चालक व मालक यांच्याविरुद्धचा दावा संपत नाही. ‘वापर’ या शब्दाचा अर्थही व्यापक आहे. १९८७ मध्ये पुणे-बंगळूर महामार्गावर टक्कर होऊन उलटलेल्या पेट्रोल टँकरचा काही तासांनी स्फोट झाला. स्फोटाच्या वेळी टँकर निश्चल असूनही तो अपघात वाहनाच्या वापरातूनच उद्भवला, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ठरविले.

केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त आवारातच वापरण्यासाठी तयार केलेली विशेष वाहने मात्र ‘मोटार वाहन’ या व्याख्येतून वगळलेली आहेत. अशा यंत्रामुळे नुकसान झाल्यास अपकृत्याच्या सामान्य तत्त्वांवर दिवाणी न्यायालयात दाद मागावी लागते.

आवारधारकाचे दायित्व आणि सूचनाफलक

‘वाहने स्वतःच्या जबाबदारीवर उभी करावीत’ या फलकाचा परिणाम किती? प्रथमतः, हा फलक आवारधारकाचा आहे. दुसऱ्याच्या ट्रकचा मालक त्या कराराचा पक्षकार नसल्याने त्याला त्याचा आश्रय घेता येत नाही. ही साधी बाब व्यवहारात सर्वाधिक दुर्लक्षित राहते.

आवारधारकापुरते पाहता, केवळ जागा वापरू देणे आणि वाहनाचा ताबा घेणे यांत फरक आहे. पहिल्या प्रकारात नुसती परवानगी असते. किल्ली घेऊन वाहन स्वीकारले असेल तर भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १४८ प्रमाणे निक्षेप निर्माण होतो आणि कलम १५१ अन्वये सामान्य विवेकी मनुष्याइतकी काळजी घेणे बंधनकारक ठरते. दिल्लीतील ताजमहाल हॉटेलमधून १९९८ मध्ये मोटार चोरीस गेल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये निर्णय दिला की, हॉटेलच्या सेवकाकडे किल्ली सोपविली असता, पावतीवरील ‘मालकाच्या जोखमीवर’ हे कलम पुढे करण्यापूर्वी हॉटेलने स्वतः योग्य काळजी घेतल्याचे दाखविले पाहिजे.

किल्ली मालकाकडेच असली तरी आवारधारक सर्वस्वी मुक्त होत नाही. मोटारींसाठी आखलेली जागा ट्रकच्या वळणावर असणे, ट्रक मागे घेताना इशारा देणारा मनुष्य नसणे, रात्री दिवे नसणे या त्याच्या स्वतःच्या हयगयी होत. चालक आणि आवारधारक या दोघांच्या दोषातून नुकसान झाले असेल तर दावेदार त्यांपैकी कोणाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये मोटार अपघातांच्या संदर्भात स्पष्ट केले आहे.

विमापत्रातील बारकावे

सक्तीच्या विम्यातील मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा दीर्घकाळ केवळ ६,००० रुपये होती. प्रचलित प्रमाणित विमापत्रांत चारचाकी व व्यापारी वाहनांसाठी ती ७.५ लाख रुपये असते. परंतु हप्त्यात सवलत घेऊन ती ६,००० रुपयांवर मर्यादित करून घेण्याची मुभा देण्यात आली होती. म्हणून ट्रकचे विमापत्र प्रत्यक्ष पाहणे आवश्यक आहे.

दुसरा बारकावा अधिक महत्त्वाचा आहे. विमेदाराच्या मालकीची किंवा त्याच्या ताब्यात, नियंत्रणात असलेली मालमत्ता तृतीय पक्षाच्या संरक्षणातून वगळलेली असते. ट्रक आवारधारकाच्याच मालकीचा असेल आणि मोटारीची किल्लीही त्याच्याकडेच दिली असेल, तर निक्षेपाचा युक्तिवाद आवारधारकाविरुद्ध बळकट होतो, पण त्याच युक्तिवादामुळे त्याची विमा कंपनी सुटू शकते. दावा मांडताना हा विचार अगोदर करावयास हवा. तसेच चढ-उताराच्या कामात माल वाहनापर्यंत आणताना किंवा उतरविलेला माल वाहनापासून दूर नेताना, रस्त्याच्या हद्दीबाहेर झालेली हानी व्यापारी वाहनांच्या प्रमाणित विमापत्रात वगळलेली असते.

मोटारमालकाजवळ स्वतःचा सर्वंकष विमा असल्यास दुरुस्तीचा खर्च तेथून मिळतो आणि प्रत्यासनाच्या तत्त्वानुसार त्या रकमेपुरता वसुलीचा हक्क विमा कंपनीकडे जातो. समजा, महाविद्यालयाच्या आवारात उभ्या असलेल्या प्राध्यापकांच्या मोटारीला बांधकाम ठेकेदाराच्या टिपरने धडक दिली. दुरुस्तीस ८०,००० रुपये लागले आणि घसारा व अनिवार्य वजावट जाऊन ६२,००० रुपये मिळाले. उरलेले १८,००० रुपये, दावा न केल्याबद्दल मिळणाऱ्या सवलतीचा तोटा आणि पर्यायी वाहनाचा वाजवी खर्च हे ठेकेदाराकडून मागता येतात. एकाच नुकसानीची दुहेरी भरपाई मात्र मिळत नाही. ठेकेदार स्वतंत्र असल्याने महाविद्यालय सामान्यतः त्याच्या चालकासाठी जबाबदार नसते. तथापि टिपरच्या मार्गालगतच वाहनतळ ठेवला असेल, तर ही हयगय संस्थेची स्वतःची ठरते.

दाद मागण्याचे मार्ग व पुरावा

कलम १६६ अन्वये मालमत्तेचा मालक मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतो. मालमत्तेच्या नुकसानीचा दावा २,००० रुपयांहून अधिक असल्यास त्याला दिवाणी न्यायालयाचा पर्यायही निवडता येतो. २०१९ च्या सुधारणेने न्यायाधिकरणाकडील अर्जासाठी सहा महिन्यांची मुदत घातली व ती १ एप्रिल २०२२ पासून अंमलात आली. दिवाणी दाव्यास मर्यादा अधिनियम, १९६३ अन्वये तीन वर्षांची मुदत आहे. म्हणून सहा महिन्यांच्या आत हालचाल करणे इष्ट.

फौजदारी तक्रारीवर विसंबून राहणे बहुधा निष्फळ ठरते. आगळीक या अपराधाला हेतू किंवा जाणीव लागते, आणि निव्वळ हयगयीने झालेली मालमत्तेची हानी हा मूलतः दिवाणी विषय आहे. अशा दाव्याचा खरा आधार म्हणजे फाटकावरील नोंदवही, वजनकाट्याची पावती, छायाचित्रे, दोन साक्षीदारांच्या सह्यांचे टिपण आणि दुरुस्तीची देयके. कॅमेऱ्याचे चित्रण थोड्याच दिवसांत पुसले जाते, म्हणून ते जतन करण्याची लेखी मागणी त्याच दिवशी करावी. १ जुलै २०२४ पासून अंमलात असलेल्या भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र लागते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, कामाच्या आवारातील उभ्या वाहनांच्या नुकसानीबाबत कायदा मूक नाही. त्याची सूत्रे अपकृत्य, करार आणि विमा या तीन शाखांत विखुरलेली आहेत, आणि प्रत्येक पक्ष आपल्या सोयीची शाखा पुढे करतो. नुकसानग्रस्ताने ट्रक कोणाचा, तो कोणाच्या कामासाठी हलला आणि मोटारीचा ताबा कोणाकडे होता, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रथम निश्चित केली तर दायित्वाची दिशा उलगडते. शिक्षणसंस्थांनीही बांधकामाच्या काळात वाहनतळ आणि मालमोटारींचा मार्ग वेगळे ठेवावेत आणि ठेकेदाराच्या करारात विमापत्राची प्रत व नुकसानभरपाईची अट समाविष्ट करावी. फलक लावण्यापेक्षा हे उपाय अधिक परिणामकारक आहेत, आणि न्यायालयात संस्थेच्या बाजूने पुरावा म्हणूनही तेच उपयोगी पडतील.